चारुदत्तची चौदा सालची मोटार

अमेरिकेत ॲन आर्बरला आमच्या शेजारी राहणारा चारुदत्त मोठा इंजिनियर, पण हायवेवर चाळीसच्या वर जाईल तर शप्पथ. मागून ट्रकवाले भोंगे वाजवतात आणि हा त्यांना हात हलवून दाखवतो. अशा माणसाने मोटार घेतली ती एकोणीसशे चौदा सालची! तीन हिवाळे गॅरेजमध्ये घुसून तिची लाकडी चाकं नवीन बनवली. त्याची बायको शैलजा मला म्हणायची, "आजी, मला सवत मिळाली, तीही म्हातारी."

जुलैत जुन्या गाड्यांच्या क्लबची मिरवणूक होती. पण नव्या चाकांवर क्लबचा भरवसा नव्हता. मोटारी पळवून बघायला पूर्वी बांधलेला एक गोल रस्ता आहे, त्यावर अख्खी फेरी ताशी पन्नास मैलांच्या वेगाने मारायची, तीही मालकाने स्वतः. चाकं टिकली तर मिरवणूक, नाहीतर गॅरेज. चारुदत्तची झोप उडाली. चाकांची नव्हे हो, त्या पन्नासाची भीती!

त्यात या गाडीला पेट्रोल चढवायला शेजारी बसून हाताने पंप मारावा लागतो, अगदी स्टोसारखा. शैलजा म्हणाली, "मी नाही बाई, माझी मुलं लहान आहेत." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी मोठी झालेली ना!

पदर खोचला, डोक्यावर ते हेल्मेट का काय ते चढवलं आणि बसले. पहिली फेरी रमतगमत झाली. क्लबचा म्हातारा साहेब घड्याळ बघून मान हलवायला लागला. दुसरी फेरीही तशीच.

"आजी, चाकं करकरतायत."

"चाकं नाहीत रे, तुझे दात."

साहेबाने एक बोट दाखवलं. शेवटची संधी. पोराचं तोंड एवढंसं झालं. मला त्याचा स्वभाव ठाऊक. वादाला लागला की हा जगाचं भान विसरतो. पंप मारता मारता म्हटलं, "मराठी मंडळाचं नाटक बसवताना अतुलने तुला दरवान केलं ना, तेसुद्धा जास्तच झालं म्हणत होता."

"काय म्हणाला?" गाडीने उसळीच घेतली.

"भाला धरायलाही अंगात काहीतरी लागतं, म्हणाला."

"आणि स्वतः राजा होऊन वाक्यं कोण विसरलं? मिशी कोणाची पडली?"

वळणावर रस्ता भिंतीसारखा तिरपा. मी एका हाताने पंप मारतेय, तोंडाने रामरक्षा. साहेबाने निशाण हलवलं तरी हा थांबेना. अतुलच्या मिशीपायी आणखी एक फेरी झाली.

थांबलो. साहेबाने चाकं ठोकून पाहिली, घड्याळावरचा हिशेब केला आणि ओरडला, "फिफ्टी-फोर!" चाकांचा एक आराही हलला नव्हता. शैलजा हसतही होती, रडतही होती.

चारुदत्त खाली उतरला. "आजी, अतुल खरंच असं म्हणाला?"

"नाही रे बाबा. तो बिचारा तुझं कौतुकच करतो."

त्याने चष्मा पुसला, जरा विचार केला.

"मग मिरवणुकीतही शेजारी तुम्हीच बसा. तिथे दहाच्या वर जायचं नसतं. तेव्हा ते कौतुकाचं सांगा."