पुठ्ठ्यावरचे शंख

इंग्रजी अमदानीत मी धुळ्याच्या एका शाळेत सृष्टिज्ञान शिकवत होतो. समुद्र मी स्वतः पाहिलेला नव्हता. म्हणून आमचे ड्रॉइंग मास्तर उन्हाळ्याच्या सुट्टीत कोकणातल्या आपल्या गावी निघाले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "वर्गात दाखवायला थोडे शंख-शिंपले आणा."

त्यांनी काड्यापेटी भरून आणली. आत तुरीच्या दाण्याएवढे राखी-निळसर शंख होते, वीस-पंचवीस. भरतीचं पाणी जेमतेम पोचतं, तिथल्या खडकांवर ते असतात म्हणाले. प्रत्येकाचं तोंड पातळ तपकिरी चकतीने मिटलेलं होतं. आतला जीव मरून वाळला असणार, असं मी धरून चाललो.

पेटी तीन आठवडे कपाटात राहिली. मग एके दिवशी मी त्यातले सहा शंख डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटवले आणि खाली सुबक अक्षरात नाव लिहिलं. उरलेल्यांचा मळ निघावा म्हणून शाळेच्या शिपायांनी, म्हणजे नानांनी, ते परातीत मिठाच्या पाण्यात घातले. नाना वयाने आम्हां सगळ्यांहून मोठे. जरा वेळाने त्यांनी हाक मारली.

"मास्तर, हाई हालस ना!"

मी भिंग घेऊन धावलो. एका शंखाची चकती बाजूला सरली होती. खालून मऊ पाय निघाला, मग दोन बारीक शिंगं. बघता बघता दुसरा हलला, तिसरा हलला.

"बठ्ठा जित्ता शेतस," नाना म्हणाले. सगळेच जिवंत होते.

मला एकदम पुठ्ठा आठवला. तो पाण्यात भिजवून डिंक सोडवला. सहांपैकी चार चालू लागले. दोघांनी दार उघडलंच नाही. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

ड्रॉइंग मास्तरांनी पाण्याची चव घेतली. "अजून खारट हवं," असं म्हणत त्यांनी आणखी दोनदा मीठ घालायला लावलं. मला वाटलं, आता हे जीव पाण्यात सुखाने राहतील. पण सकाळी पाहतो तर सगळे परातीच्या कडेवर चढून कोरड्यात बसलेले.

"समुद्राचे, आणि पाणी नको?" मी विचारलं.

"खडकावरही असेच वर चढतात," मास्तर म्हणाले. "लहानपणापासून पाहतोय, कारण कधी विचारलं नाही."

कारण नाही, पण कोरड्यात ते कसे जगतात हे आम्ही बघून बघून शोधलं. ऊन वाढलं की हा जीव आत जायचा, दार लावायचा आणि शंखाची कड चिकट लाळेने परातीला डकवायचा. आतला ओलावा धरून तो दिवसचे दिवस काढी. शेवाळाचा दगड ठेवला, तर भिंगातून दिसलं: तोंडातली फीत पुढे-मागे करून दगड खरवडणं चाललंय. त्या फितीवर दात असतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. वर्गातली मुलं रांगेने येऊन बघत. नाना रोज खारं पाणी शिंपडत. माझ्याआधी त्यांनाच कळे कोण मेलं ते.

गणपतीला मास्तर गावी निघाले तेव्हा अकरा उरले होते. "परत न्या," मी म्हणालो. कोरड्या फडक्यात गुंडाळून दिले. तसा प्रवास त्यांना झेपतो, हे आता ठाऊक होतं.

आठवड्याने कार्ड आलं. मास्तरांनी ते जुन्याच खडकावर ठेवले होते. एक लाट येऊन गेल्यावर दहा हलले, अकरावा उशिरा. दुसऱ्या दिवशी त्यांतले आपले कोणते आणि तिथले कोणते, हे त्यांना ओळखता आलं नाही.

मी कार्ड नानांना वाचून दाखवलं.

"त्यासले घर सापडनं मंग," ते म्हणाले, आणि मधल्या सुट्टीची घंटा द्यायला गेले.