झारी

सागाच्या रोपवाटिकेत काम करणाऱ्या माझ्या ताईने रोपांवरची सावलीची हिरवी जाळी भर मे महिन्यात काढून टाकली. दुपारी पिशव्यांतल्या रोपांनी माना टाकल्या. मला राहवेना, मी झारी उचलली.

"ठेव ती खाली!" ताई ओरडली. "महिन्याभराने ही रोपं डोंगरावर लावायला जाणार. तिथे कोण येणार आहे झारी घेऊन?"

मी झारी ठेवून रोपवाटिकेच्या झोपडीतल्या खुर्चीवर जाऊन बसलो. आजवर मला वाटायचं, माया म्हणजे सावली धरणं.

ऊन उतरलं तशी पानं हळूहळू वर आली.

"बघ, एकाने तरी मान खाली ठेवलीय का?"

दिवसभर त्यांच्यासोबत उन्हात उभी राहिलेली माझी ताई विचारत होती, आणि तिचीही मान ताठ होती.