अर्ध्या जिभेचं गाऱ्हाणं

राजापूर तालुक्यातल्या त्या गावात देवळापुढे गाऱ्हाणं घालायचा मान भागोजी गावकराच्या घराण्याचा. भागोजीनं गावाचं मागणं देवाला सांगायचं आणि प्रत्येक मागण्याला गावानं एका दमात "व्हय महाराजा!" म्हणून ओरडायचं. त्याचं बोलणं असं की देवालाही मध्ये तोंड घालायची सोय नव्हती. हा मान सुटला तर जायचा चुलतभावाकडे, सखारामाकडे. सखाराम त्याच आशेवर म्हातारा होत चालला होता.

आणि अशा माणसाला व्हावं काय, तर जिभेवर गाठ! तंबाखू धरायची जागा, तिथेच. वैद्याचे लेप झाले, अंगारा झाला, गाठ हलेना. एकतीस साली त्याच्या बायकोनं, चिमेनं, त्याला आगबोटीत घातलं आणि मुंबई गाठली.

तिथला डॉक्टर सरळ माणूस. म्हणाला, "कॅन्सर आहे. रेडियमच्या सुया टोचल्या तर जीभ राहील, पण दुखणं उलटायची भीती जास्त. अर्धी जीभ कापली तर बोलणं जाईल, जगायची आशा बरी. खात्री मात्र कशाचीच नाही."

"सुया!" भागोजी तडक म्हणाला. जीव काय, सगळ्यांचाच जातो. मान सखारामाकडे जाऊन कसं चालेल?

तीस वर्षांच्या संसारात चिमा चारचौघांत कधी बोलली नव्हती. बोलायला फट मिळेल तेव्हा ना! ती डॉक्टरला म्हणाली, "कापा. ह्यांचं बोलणं मला पुरलं. माणूस तेवढा ऱ्हाऊ दे."

भागोजीला एवढा धक्का बसला की तो हो म्हणून गेला.

जीभ कापली. डॉक्टरनं बजावलं, "रोज बोट फिरवून बघा. काही लागलं तर लगेच या, पुन्हा कापावं लागेल." तेव्हापासून भागोजी रोज आरशापुढे जबडा वासून बसे. म्हातारपणी हा नट्टापट्टा कोणासाठी, असं शेजारणी चिमेला विचारत.

देवदिवाळीला सखाराम नवं धोतर नेसून तयारच होता. भागोजी पुढे सरला आणि बोलला. कोणाला अक्षर कळलं नाही. पण गावाच्या तोंडाची सवय कुठे जाणार? "व्हय महाराजा!" सखारामही ओरडला, मग जीभ चावून गप्प झाला.

एकट्या चिमेला ते बोलणं कळे. पेज भरवता भरवता ती शिकली होती.

पुढच्या देवदिवाळीला भागोजी जरा जास्तच मोकळा सुटला. "बा देवा महाराजा, सखारामाला मूळव्याध दे!"

"व्हय महाराजा!" सखारामाचा आवाज सगळ्यांत खडा. बायकांत उभ्या चिमेनं हसू पदरात दाबलं.

"आज सकाळी बोटाला पुन्हा बारीक गाठ लागलीय."

"व्हय महाराजा!"

चिमेचं हसू पळालं.

"आता मी कापून घ्यायचा नाय. चिमेला कळायच्या आत मला उचल."

"व्हय महारा..."

"नाय महाराजा!"

ढोल थांबला. सगळं गाव वळून बघायला लागलं. चिमेचे डोळे वाहत होते. "पुन्यांदा घाला," ती ओरडली, "नीट घाला!"

भागोजीनं पुन्हा हात जोडले. "बा महाराजा, सोमवारच्या आगबोटीनं दाखवायला जातो. ही बाय सोडायची नाय मला."

गावाला याही वेळी काही कळलं नाही. तरी गाव ओरडलं, "व्हय महाराजा!" आणि चिमा सगळ्यांच्या वर ओरडली.