दोनच खाटांचं घर

तुमच्या आजोबांनी चाकांवरच्या घरात कायमचं राहायला जायचं ठरवलं, ते तुम्हीच पाठवलेल्या फोटोमुळे. गाडीमागे जोडलेली ती पांढरी खोली, समोर तळं आणि घडीच्या खुर्च्यांवर तुम्ही सगळे. तुम्ही तिथे आठवडाभराच्या सुटीवर गेला होतात, ही बाब त्यांनी किरकोळ मानली. "परभणीचं घर भाड्यानं द्यायचं," त्यांनी चहा पिता पिता जाहीर केलं, "आणि उरलेलं आयुष्य रस्त्यावर काढायचं."

मी एकच विचारलं, "त्यात झोपतात किती जण?"

"दोघं. तिसऱ्याला जागाच नसते."

"मग मी तयार आहे."

ते जरा हिरमुसले. माझी समजूत घालायला त्यांनी बरेच मुद्दे जमवले होते, ते वाया गेले.

माझं कारण तुम्हाला चटकन कळणार नाही. तुम्ही परदेशातून आमच्याकडे येता तेव्हा महिनोन्‌महिने आधी कळवता. इथले पाहुणे तसे येत नाहीत. आपलं घर बसस्टँडपासून चालत येण्याजोगं, कोर्ट जवळ, दवाखाने जवळ. हा गुण पाहूनच आम्ही ते बांधलं आणि मग जन्मभर त्या गुणाची शिक्षा भोगली. कुणाची तारीख, कुणाचा मोतीबिंदू, कुणाची पोलीसभरती, कुणाच्या लग्नाचा बस्ता. मी कॉलेजात इंग्रजी शिकवून घरी यावं, तर बैठकीत आडवं झालेलं कुणीतरी मान वर करून मलाच विचारायचं, "कोण पाहिजे?"

माणसं वाईट नव्हती. पण आज किती गाद्या घालायच्या, हे मला माझ्याच घरात संध्याकाळपर्यंत कधी कळलं नाही. जिथे तिसऱ्याला जागाच नाही आणि त्यात माझा काही दोषही नाही, असं घर मला स्वर्गासारखं वाटलं.

खोली मानवतला बनली, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपात. तुमचे आजोबा कालव्यांचे निवृत्त इंजिनियर. त्यांनी काढलेला नकाशा मिस्त्रीने आडवा-उभा करून पाहिला आणि विचारलं, "सायब, ह्याच्यात माणसं ऱ्हाणार हाइत का पाणी सोडायचंय?"

घर भाड्याने देण्याआधी एक चाचणी करायची ठरली. जीपला खोली जोडून जिंतूरला जायचं, आजोबांच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे आक्कांकडे. त्यांच्या अंगणात ती उभी करायची आणि रात्री आपल्या खोलीतच झोपायचं.

आक्का कमरेवर हात ठेवून दारातच उभ्या होत्या. "भाऊ दारात आला अन् डब्यात निजला, असं गाव म्हणंल. मेलो का आमी?"

"आक्का, आता आम्ही यातच राहणार आहोत. कायमचं."

"का रे? पोरानं हाकललं का?"

"नाही हो. हौस."

"हौस!" आक्का माझ्याकडे वळल्या. "मास्तरीण, तू तर शिकलेली हायस. ह्याला एखाद्या डॉक्टरला तरी दाखव."

मग त्या पाहणीला आत चढल्या. शेगडी पाहिली. शेजारचं छोटं दार उघडलं आणि झटकन लावलं. "चुलीला खेटून संडास! अन् देव कुठं ठेवले?"

"वरच्या कप्प्यात."

"बरं केलं. तिथून दिसत न्हाई."

व्हायचं तेच झालं. जेवण आक्कांच्या घरात, मुक्कामही घरातच. आमचं अंथरूण मधल्या खोलीत, एका बाजूला नातवंडं आणि दुसऱ्या बाजूला सोयाबीनची पोती. आक्का मात्र कुठे दिसेनात. शोधत अंगणात गेलो, तर आपल्या खोलीला आतून कडी.

"जरा टेकले," आतून आवाज आला. "तुमी निजा घरात. मान ऱ्हातो."

सकाळी मी चहा घेऊन गेले. आक्का माझ्या खाटेवर बसून शांतपणे केस विंचरत होत्या. "लग्न झाल्यापासून एकलीनं निजल्याचं आठवत न्हाई गं," त्या म्हणाल्या. "सासू, मंग लेकरं, मंग सुना, नातवंडं, पाव्हणे. राती कोणी हाक मारली न्हाई. लय निवांत झोपले." मग कंगवा खाली ठेवून म्हणाल्या, "मी येते तुमच्यासंगं."

आजोबांना आनंद झाला. बहिणीला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. त्यांनी लगेच टेप काढली. "शेगडी थोडी सरकवली की तिसरी खाट सहज बसते!"

जिथे तिसरी खाट बसते, तिथे चौथ्याची गादीही बसते आणि मग अख्खा जिल्हा बसतो. पण आक्कांना नाही म्हणायला माझीही जीभ रेटेना. इतकी वर्षं आम्ही नणंद-भावजय एकमेकींचा पाहुणचार करत राहिलो, आणि दोघींना हवं होतं ते एकच.

"खाटा दोनच राहतील," मी म्हटलं. "एकीवर मी, एकीवर आक्का."

"आणि मी?"

"तुम्ही यजमानांच्या घरात. जाऊ तिथे नात्यातलं कुणीतरी निघणारच, आणि आपल्यातलं कुणी घरात निजल्याशिवाय त्यांचा मान राहत नाही. तो तुम्ही राखायचा."

"न्हाई म्हणू नको रे," आक्का म्हणाल्या. "पाव्हणा म्हणून मिरवायला तुला लय आवडतं."

घर पुढच्या महिन्यापासून भाड्याने दिलं आहे. आजोबांनी मार्ग नव्याने आखला आहे, ज्यांच्याकडे गादी बरी अशीच गावं निवडून. पहिला मुक्काम पोखर्णीला: नृसिंहाचं दर्शनही होईल आणि त्यांच्या मावसभावाकडे पलंगही आहे. तुम्ही सुटीत आलात तर आम्हाला आनंदच आहे. तुमची झोपायची सोय आजोबांबरोबर, मावसभावाकडे.