भाजीचं पाणी

हुशार माणूस स्वतःला कसा बुडवतो, ते चहा येईपर्यंत ऐकून घ्या. माझ्यासाठी मात्र अर्धाच सांगा. मला आता घोटसुद्धा मोजून मिळतो.

माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. पांडेसऱ्याच्या कापड मिलांमधून निघणारे तुकडे, डागी माल, कडेच्या पट्ट्या. लोक ज्याला कचरा म्हणतात, त्यावर मी डिंडोलीत घर बांधलं. अशा माणसाच्या किडन्या निम्म्याहून जास्त गेल्या, तर तो पथ्य कसं पाळणार?

डॉक्टर गुजराती, वयाने लहान, पण भला. म्हणाला, "काका, पथ्य सांभाळा, म्हणजे डायलिसिसचं मशीन लांब राहील. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा, पाणी फेकून द्या, मग फोडणी." कारणही सांगितलं त्याने. मी तेव्हा त्याच्या खिडकीचा पडदा कोणत्या मिलचा असेल, ते बघत होतो.

घरी बायकोने पालक उकळला. हिरवंगार पाणी निघालं. म्हटलं, सगळा कस तर यात उतरलाय, आणि हे मोरीत?

"तू भाकरी बघ, मी ओततो," म्हणून पातेलं उचललं, मागच्या दारी नेलं, मिरपूड टाकली आणि उभ्या उभ्या पिऊन टाकलं. मग रोजचंच झालं. पालकाचं, बटाट्याचं, शेवग्याचं. चोथा ताटात, माल माझ्या पोटात.

पुढच्या तपासणीत रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं. डॉक्टर बायकोकडे वळला. "बेन, पाणी फेंकी दो छो ने?"

"हो सायेब, रोज."

"मग उकळायला कमी पडत असाल."

ती माझ्याकडे बघायला लागली. आणि मी काय केलं? डॉक्टरच्या बाजूने मान हलवली. त्याच्यासमोर चिकट दिसायचं नव्हतं ना.

त्या दिवसापासून ती बिचारी भाजी दोनदा उकळायला लागली. मला दोन पातेली मिळायला लागली.

एका सकाळी गोडाऊनचं शटर उचलायला वाकलो, तो उठताच येईना. पाय माझे राहिलेच नव्हते. छाती मध्येच धडधडायची, मध्येच गप्प. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, "काका, खाल्लं काय?"

मी म्हटलं, "पथ्याचंच, साहेब. भाजीचं पाणीसुद्धा वाया जाऊ देत नाही."

त्याने हातातली फाईल मिटली. मग म्हणाला, "काका, तुमचं हृदय बंद पाडणारं जे भाजीत असतं, तेच त्या पाण्यात उतरतं. म्हणून तर फेकायचं."

बायको माझ्या चपला पिशवीत भरायला लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी मशीनला जोडलं मला. जे लांब ठेवायचं होतं, ते आता दर आठवड्याला दोनदा. मशीनमागून एक नळी निघते आणि माझ्या अंगातलं नको ते सगळं घेऊन गटारात जाते. बायको शेजारी स्टुलावर बसून त्या नळीकडे बराच वेळ बघत होती. मग शांतपणे म्हणाली, "अहो, फुकट चाललंय सगळं. पातेलं आणू का?"

हसा तुम्ही. पण खोटं कशाला बोलू, 'नको' म्हणायला मला जरा उशीरच झाला.