पाच भरत्यांचा पंचनामा

करंजाड्याच्या जुन्या गावठाणात, नदीकडच्या आळीत शेवंताबाई राहतात. मिठागरं बंद होईपर्यंत त्यांचं आयुष्य मिठावर गेलं. खाडीचं पाणी आत कधी घ्यायचं, कधी अडवायचं, हे त्यांना विचारून ठरायचं.

गेल्या ऑगस्टात आळीत नदीचं पाणी शिरलं. सून सुचिता पोरांना घेऊन शाळेत हलली. शेवंताबाई पोटमाळ्यावरच थांबल्या.

पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला तलाठी आली. संघप्रिया तिचं नाव, नोकरीला वर्षही झालं नव्हतं. कपडे-भांडी आणि घरातल्या सामानाच्या अनुदानाला एक अट होती : घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असायला हवं. आळीतले सगळे तीन दिवस म्हणत होते, पण मोबाइल पहिल्याच दिवशी बंद पडलेले. पुढचे फोटो कुणाकडेच नव्हते.

शेवंताबाईंच्या भिंतीवर मात्र कोळशाच्या रेघा होत्या. एक वर, एक खाली, परत एक वर. पोरांनी ओढल्या का, असं संघप्रियानं विचारलं.

"मीच ओढल्या, बाय. पाच भरत्या पानी घरान व्हता. ओहोटीला वीतभर उतरायचा, पन भायेर जाईना."

हे कशासाठी टिपलं, याला त्यांच्याकडे तसं कारण नव्हतं. खाडी एवढी लांब, तरी तिची भरती आपल्या घरात कळते का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

संघप्रियानं पेन खाली ठेवलं. पहिली भरती किती वाजताची, ते कसं कळलं, असं एकेक विचारत राहिली. शेवंताबाईंनी हिशेब सांगितला : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. बीज होती, म्हणजे दीड वाजता. संघप्रियानं मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक काढून ताडून पाहिलं. दहा-पंधरा मिनिटांचाच फरक पडत होता. पाचवी भरती दोन दिवस उलटून गेल्यानंतरची निघाली. फॉर्मवर भरतीसाठी रकाना नव्हता, म्हणून तिनं सगळं शेऱ्यात लिहिलं.

दारात शेजारचा दिलीप उभा होता. माझ्याकडेही तेच लिहा, असं तो म्हणाला. संघप्रियानं शेवंताबाईंकडे पाहिलं.

"त्याचा जोता उंच हाय," त्या हळूच म्हणाल्या. "त्याचे घरान दोनच भरत्या."

दिलीप निघून गेला.

दिवाळीनंतर त्या रेघांच्या आधारानं आळीतल्या नऊ घरांचे पैसे जमा झाले, दिलीपचे नाही. गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं, असं सुचितानंही विचारलं. तो प्रश्न शेवंताबाईंच्या डोक्यात बरेच दिवस घोळत राहिला. शेवटी त्यांनी दोन गाद्या घेतल्या आणि एक दिलीपच्या घरी पाठवली. त्यानं ती ठेवून घेतली, बोलणं मात्र अजून सुरू केलेलं नाही.

जानेवारीत संघप्रिया सुट्टीच्या दिवशी आली. तिला मिठागरांचा जुना बांध बघायचा होता. त्या दिवशी नवमी होती. भरती पावणेसातची, हे तिनं स्वतःच काढलं होतं, म्हणून ती उजाडायच्या आधीच दारात हजर झाली. शेवंताबाईंनी पदर खोचला आणि दोघी खाडीच्या वाटेला लागल्या.