उजव्या हाताचा डावा

नवीन मुलगा वर्गात आला की सर हात मिळवायला आपला डावा हात पुढे करायचे. पोरगं गोंधळून उजवा द्यायचं आणि हात काही नीट जुळायचे नाहीत. सर खूश. "बसत न्हाई ना? काही रेणूंचंही असंच हाय. आरशातल्यासारखे हुबेहूब, पण एकाच्या जागी दुसरा चालत न्हाई."

शिरूरच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे, मी गणित. "सर, ही तर माझी भूमिती," मी एकदा म्हणालो.

"तुमच्या भूमितीला वास कुठं असतो? पुदिन्यातला रेणू आरशात उलटा करा, बाळंतशेपांचा वास येतो."

असा एखादा मास्तर तुम्हालाही भेटला असेल.

मांडवगणला त्यांच्या धाकट्या भावाचं गुऱ्हाळ होतं. एका रविवारी सर मदतीला गेले. भाऊ बंद चरकात अडकलेला ऊस ओढून काढत होता. सरांनी न बघताच बटण दाबलं. भावाचा डावा पंजा गेला.

त्यानंतर सरांचा डावा हात वर्गात खिशातच राहू लागला. कोणी समजूत घालायला गेलं की म्हणायचे, "मी बघितलं न्हाई."

जखम भरली, तरी भावाला गेलेला पंजा दुखायचा. मूठ घट्ट आवळल्यासारखी वाटायची आणि सुटायची नाही. डॉक्टरांनी आरशाचा उपाय सांगितला. सरांनी मला सोबत नेलं. "आरसा तुम्ही धरा. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

मी दोन हातांच्या मधोमध आरसा उभा धरला. उजव्या हाताचं प्रतिबिंब गेलेल्या डाव्याच्या जागी दिसू लागलं. भावाने उजवी मूठ हळूहळू उघडली. आरशातली डावीही उघडली.

"सुटली," तो म्हणाला.

सर बाहेर निघून गेले. भावाने हाक मारली, "दादा, आत या. उद्यापासून तुम्हीच धरायचा."

सरांनी नोकरी सोडली आणि गावी राहायला गेले.

परवा मी मांडवगणला गेलो होतो. सर आत होते. भावाला विचारलं, "आता कितपत दुखतं?"

"दुखायचं कवाच थांबलं." त्याने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "दादांना सांगू नका. रोज आरसा धरून झाला की मगच त्यांना दोन घास जातात."

तेवढ्यात सर पंचाने आरसा पुसत बाहेर आले. भावाने कपाळाला आठ्या घातल्या आणि उजवी मूठ घट्ट आवळून पुढे केली.